न विचारलेला ऐब

विकणाऱ्याने खोटे बोलू नये, हे सांगायला लेख लिहायची गरज नाही. तिसरीतल्या पोरालाही ते ठाऊक असते. खरा पेच त्याच्या एक पाऊल पुढे आहे. गिऱ्हाइकाने विचारलेच नाही, तर वस्तूतला ऐब आपण होऊन सांगायचा का? सांगायचा तर कुठवर सांगायचा? आणि गिऱ्हाईक ऐब ओळखू शकत नाही, पुढेही त्याला तो कधी कळणार नाही, अशी जवळजवळ खात्री असेल तर?

या प्रश्नासाठी आम्ही एका जुन्या मोटारीचा आधार घेणार आहोत. ज्याच्या दारात सेकंडहँड स्कूटर उभी असते अशा उर्दू शाळेतल्या शिक्षकाने विलायती स्पोर्ट्स कारवर बोलावे, हे वाचकांना जरा गमतीचे वाटेल. पण उदाहरण मुद्दाम निवडले आहे. भाजी दुसऱ्या दिवशी स्वतःच खरे बोलते. जमिनीच्या व्यवहारात सातबारा असतो, फेरफार असतो. जुनी मोटार मात्र अशी वस्तू आहे की तिच्याबद्दल मालकाला सगळे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला काहीच नसते. त्यातही मोडकी मोटार प्रामाणिक असते. तिचे ऐब तिच्या अंगावरच दिसतात. नीट राखलेली, रंग चकाकणारी, एका हाकेत चालू होणारी मोटार हीच विकणाऱ्याच्या ईमानाची खरी परीक्षा. तिच्यात लपवायला जागा असते.

आमच्या डोळ्यांसमोरची गाडी एमजीबी आहे. दोन माणसांची, वरचे कापडी हूड मागे दुमडले की आभाळाखाली चालणारी. १९६२ साली ती बाजारात आली आणि १९८० साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावचा कारखाना बंद झाला तेव्हा तिचे उत्पादन थांबले. पक्क्या छताच्या जीटी धरून पाच लाखांवर गाड्या त्या काळात तयार झाल्या. इंजिन १७९८ सीसीचे, साधे. दोन एसयू कार्ब्युरेटर. घराच्या मागच्या छपरीत हातात पाने घेऊन माणूस स्वतः दुरुस्त करू शकेल अशी ती गाडी होती, आणि म्हणूनच साध्या नोकरदारांनीही ती बाळगली.

या गाडीची एक खोड मात्र समजून घेतली पाहिजे, कारण आमचा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. जुन्या मोटारींना वेगळी चासी असे. खालचा लोखंडी सांगाडा सगळा भार घेई. एमजीबीला तशी चासी नाही. पत्र्याचे खोकेच सगळा ताण सोसते. बंद गाडीत छपराचा आधार असतो. उघड्या गाडीला छप्परच नाही, म्हणून दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा. इंग्लंडात पाऊस आहे, हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचे पाणी या पेट्यांत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसला तर आतले बरेच गेले असे समजावे. सिल खचली की जॅक लावल्यावर दाराच्या फटी आवळतात, दार घासायला लागते. जाणकार गिऱ्हाईक खिशात छोटे चुंबक ठेवते. पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही.

यावर खरा इलाज म्हणजे कुजलेले सगळे कापून आतली, मधली, बाहेरची अशी नवी पट्टी वेल्ड करणे. खर्चिक काम. आणि खोटा इलाज म्हणजे गंजक्या सिलवरच नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग करणे, वर रंग मारणे, खालून डांबरासारखा काळा लेप फासणे. दिसायला दोन्ही सारखेच.

आता त्या माणसाकडे येऊ ज्याने आम्हाला हा प्रश्न घातला. आमचे एक मामू लहानपणी आपल्या वालिदांमागे रत्नागिरी जिल्ह्यातून बर्मिंगहॅमला गेले आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांची सारी उमर गेली. १९७१ सालची एमजीबी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली. आता गुडघे साथ देत नाहीत. त्या गाडीत बसायचे म्हणजे जमिनीवर बसायचे, आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. गाडी विकायला काढली. तिच्याबरोबर एक जाडजूड फाइल आहे. प्रत्येक तेलबदलाची, प्रत्येक टायरची, प्रत्येक दुरुस्तीची पावती त्यांनी जपली आहे. अशी फाइल म्हणजे जुन्या गाडीचा चारित्र्याचा दाखला. तिच्यामुळे किंमत वाढते.

त्या फाइलमध्ये १९९६ सालची एक पावती आहे. कारखान्यातले काम सुटले होते, हात आखडता होता, तेव्हा एका गॅरेजने डाव्या सिलवर पत्रा चढवून दिला. पुढे गाडी दरवर्षी तपासणीत पास होत राहिली. २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांना ती वार्षिक तपासणीही सक्तीची राहिली नाही. गाडी धोकादायक असती तर गोष्ट वेगळी होती. रस्त्यावर चालवण्यालायक नसलेली गाडी चालवण्यासाठी विकणे हा तिथे गुन्हाच आहे. पण ही धोकादायक नव्हती. ती फक्त दिसते तशी नव्हती.

मामूंनी फोनवर विचारले, "मास्तर, तू पोरांना शिकवतोस, तू सांग. कुणी विचारले तर मी खोटे बोलणार नाही. पण कुणी विचारलेच नाही तर? आणि ती एक पावती फाइलमधून काढून ठेवली तर ते खोटे झाले का?"

आम्ही म्हणालो, "मामू, थोडे दिवस द्या." बी.एड.ला मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणाची व्याख्या पाठ केली होती आणि तिला पाचपैकी चार गुणही मिळाले होते. तिचा इथे उपयोग होईना.

प्रश्न फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागात हा वाद आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? बॅबिलोनच्या डायोजिनिसचे म्हणणे, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगितले की झाले. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, माणसांचे हित हेच तुझे हित, तेव्हा जे तुला ठाऊक आहे ते त्यांनाही ठाऊक असले पाहिजे. सिसेरो स्वतः अँटिपॅटरच्या बाजूला झुकतो. आम्हाला मात्र डायोजिनिसला सहज निकालात काढता येत नाही. मागून जहाजे येताहेत ही बाजाराची खबर आहे, धान्यातला दोष नव्हे. आपल्या मालाबद्दल बोलणे आणि सगळ्या बाजाराबद्दल बोलणे यात फरक करावाच लागतो. नाहीतर दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानातला भावही सांगत बसावे लागेल.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिथे उदाहरण आहे घोड्याचे. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होते, तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला समजेन," आणि हा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच.

ही उदाहरणे आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. कायद्याने इथे नकळत एक मोठी गोष्ट कबूल केली आहे. मुलीला सांगायचे आणि परक्याला सांगायचे नाही, याचा अर्थ सांगणे योग्य आहे हे कायद्यालाही ठाऊक आहे. फक्त परक्याच्या बाबतीत तो सक्ती करत नाही. मग नैतिक प्रश्न एवढाच उरतो की परका किती परका मानायचा.

त्याच कलमात सक्रियपणे लपवणे ही फसवणूक म्हटली आहे. म्हणजे मामूंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शरियतपर्यंत जाण्याआधीच मिळते. गप्प राहणे एक, आणि फाइलमधून कागद काढणे दुसरे. फाइल पुढे करताना आपण म्हणत असतो, पाहा, सगळे इथे आहे. त्यातला एक कागद काढला की उरलेले शंभर खरे कागद मिळून एक खोटे बोलायला लागतात. उलट, फाइलच नसती तर हे खोटेही घडले नसते. नीट राखणाऱ्यावर, सगळ्याची नोंद ठेवणाऱ्यावर जबाबदारी जास्त पडते, ही थोडी अन्यायाची गोष्ट आहे, पण तशीच आहे.

आता आपल्याकडचे. बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली, ती हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावरचा त्यांचा सवाल असा की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. या प्रसंगात आम्हाला विशेष वाटते ते हे की विक्रेता एक शब्दही खोटे बोललेला नाही. त्याने फक्त कोरडे वर ठेवले.

दुसरी हदीस गुरांच्या बाजाराची. विकायच्या आधी दोन दिवस शेळी किंवा उंटीण दोहायची नाही, म्हणजे कास फुगून दिसते. आपल्या आठवडी बाजारांतही दूध तुंबवून जनावर आणणारे काही कमी नाहीत. हे करायला मनाई आहे, आणि फसलेल्या गिऱ्हाइकाला तीन दिवसांत जनावर परत करण्याचा हक्क आहे. प्यायलेल्या दुधाबद्दल त्याने एक साअ खजूर द्यायचे. विकायच्या आदल्या आठवड्यात गाडीच्या पोटाला ताजा काळा लेप फासणे आणि ती फुगलेली कास, यांत आम्हाला काही फरक दिसत नाही.

पण ऐब म्हणजे नेमके काय? इथे मामूंचा युक्तिवाद जोरदार होता. ते म्हणाले, "पंचवीस वर्षे त्या सिलवर मी गाडी चालवली, वेल्सच्या डोंगरात चालवली. माझ्या मते तो ऐबच नाही." हनफी फिकहच्या किताबांत याचे उत्तर थोडक्यात आहे: व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे किंमत कमी होते तो ऐब. आम्हाला ही व्याख्या फार शहाणपणाची वाटते. ती विकणाऱ्याच्या मतावर सोडलेली नाही, कारण आपल्या वस्तूच्या बाबतीत आपले मत नेहमी मऊ असते. ती घेणाऱ्याच्या चिकित्सेवरही सोडलेली नाही, नाहीतर आसनावरच्या सुरकुतीपासून डॅशबोर्डच्या ओरखड्यापर्यंत सगळेच ऐब ठरेल आणि पन्नास वर्षांच्या गाडीची यादी वाचता वाचता रात्र होईल. एमजीबी ओळखणाऱ्या चार माणसांना विचारा, चढवलेल्या सिलने किंमत पडते का? चौघेही हो म्हणतील. मग मामूंचा वेल्सचा डोंगर त्यात येत नाही.

"जशी आहे तशी विकली, सगळ्या ऐबांसकट" असे आधीच म्हणून टाकले तर? यावर इमामांत मतभेद आहेत. हनफींच्या मते अशी अट घालून केलेला सौदा चालतो. शाफईंच्या मते विकणाऱ्याची सुटका फार थोड्या ठिकाणी होते: जनावराच्या पोटातला लपलेला, आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेला ऐब असेल तर. आमचे कोकणातले लोक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी, आणि आमच्या शिक्षकदालनात दोन्ही आहेत. मधल्या सुट्टीत यावर चहा थंड झाला. एक हनफी सहकारी म्हणाले ते पटले. सौदा कायम राहतो की नाही हा काझीचा प्रश्न. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने ऐब असलेले कापड न सांगता विकले, आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची आलेली सारी रक्कम खैरात केली असे सांगतात. काझीकडे कुणी गेलेच नव्हते.

मामूंचा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड होता, आणि त्यांना माहीत नसले तरी तो एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाचा आहे. ते म्हणाले, "इथे सगळे गंज लपवतात. म्हणून घेणारा आधीच किंमत पाडून मागतो. मी खरे सांगितले की तो आणखी पाडणार. एका ऐबाचा दंड मी दोनदा भरू?" अमेरिकेच्या जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, त्या कामासाठी २००१ साली दुसऱ्या दोघांबरोबर त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली आणि वाईट गाडी घेणाऱ्याला वेगळी ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, बाजारातून निघून जातो. मागे वाईट गाड्याच उरतात, भाव आणखी पडतो. लपवणारा फक्त आपल्या गिऱ्हाइकाला फसवत नाही. ज्या अनोळखी माणसाने गाडी मनापासून राखली त्याच्या खिशातूनही तो पैसे काढतो.

यात मामूंचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाजाराने त्यांच्यावर आधीच संशयाचा कर बसवला आहे. पण घेणारा जो भाव पाडतो तो शक्यतेचा. कदाचित गंज असेल, कदाचित नसेल, असा तो जुगार खेळतो. मामूंच्या हातात मात्र उघडा पत्ता आहे. आणि सांगितल्याने ते दोनदा भरतात असेही नाही, कारण ज्याने डावी सिल दाखवली त्याच्या बाकीच्या शंभर पावत्यांवर माणूस विश्वास ठेवतो. तिथला संशयाचा कर उतरतो. पूर्ण उतरतो असे आम्ही म्हणणार नाही. मामूंनी ती पावती फाइलमध्ये सर्वांत वर लावली. दोन गिऱ्हाइके चहा पिऊन निघून गेली. तिसऱ्याने बारा हजारांच्या गाडीचे नऊ हजार पौंड दिले. तीन हजार पौंड म्हणजे निवृत्त माणसाला लहान रक्कम नव्हे, आणि त्याची भरपाई कुठून झाली असेही काही घडलेले नाही.

"मूळ" या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण जुन्या गाडीच्या जाहिरातीत सर्वांत सैल वापरला जाणारा शब्द तोच. १९८८ पासून ब्रिटनमध्ये एमजीबीचे अख्खे नवे खोके मिळू लागले. जुन्या गाडीचे इंजिन, चाके, आसने त्या नव्या खोक्यात बसवली तर ती १९७१ ची गाडी की १९८८ नंतरची? असाच वाद १९९० साली लंडनच्या कोर्टात गेला होता. ले मान्सची शर्यत १९२९ आणि १९३० अशी दोनदा जिंकलेली बेंटली, "ओल्ड नंबर वन", सुमारे एक कोटी पौंडांना विकायचे ठरले. घेणाऱ्याने अंग काढले. म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. मधल्या काळात तिचे इंजिन बदलले होते, १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला जीवघेणा अपघात झाला होता, पुढे ती बंद छपराची झाली होती. शर्यत जिंकलेल्या धातूपैकी फार थोडा उरला होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की तिच्या इतिहासात कुठे खंड पडलेला नाही, एक गाडी संपून दुसरी सुरू झाली असे कुठे घडले नाही, म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वनच. घेणाऱ्याला सौदा पाळावा लागला. आम्हाला या निकालात आवडते ते हे की अस्सलपणा पत्र्यात नाही, सलग आणि उघड्या इतिहासात मानला गेला. चढवलेली सिल त्या इतिहासाचा भाग आहे; दडवलेली पावती हा खंड आहे.

आतापर्यंत सगळे ओझे विकणाऱ्यावर टाकले. घेणारा नेहमीच भोळा असतो असे थोडेच आहे? नवरा गेल्यावर छपरीतली ताडपत्रीखालची गाडी बाईला अडगळ वाटते. जाणकार येतो, नंबर पाहतो, काय हाती लागले आहे ते ओळखतो, आणि चेहरा पाडून म्हणतो, भंगारच आहे, पण घेऊन जातो. पुढे तो मित्रांत या शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगतो आणि सगळे टाळ्या देतात. विकणाऱ्याने असे केले असते तर त्याला लबाड म्हटले असते. शहराबाहेर जाऊन काफिल्याला आधीच गाठणे, त्यांना बाजारभाव कळायच्या आत माल घेणे, याला मनाई आहे ती याच कारणाने; तिथे अडाणी बाजू विकणाऱ्याची आहे. सिसेरोच्या जहाजाबद्दल आम्ही डायोजिनिसला जी सवलत दिली ती इथे देता येत नाही. त्या बेटावरच्या लोकांना निदान दुष्काळाचा भाव तरी ठाऊक होता. या बाईला आपल्या दारातल्या वस्तूचे नावही ठाऊक नाही.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा किस्सा आम्ही सातवीच्या वर्गात सांगितला. त्यांच्या माणसाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवला आणि पैसे द्यायला मालकाला घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे, चारशेला देतोस? मग पाचशे. असे करत स्वतःच आठशेवर नेले आणि घेतला. वर्ग आधी हसला. कुणी म्हणाले, सर, ते वेडे होते का? मागच्या बाकावरच्या एका मुलीने, जिचे वडील कुर्ल्याच्या भंगार बाजारात आहेत, विचारले की घोडेवाल्याने तेव्हा काय केले. त्याने पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडून जास्त मागितले की कमी? किताबात ते दिलेले नाही, असे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, अब्बूंना विचारून येते.